तिला दुखतं, पण ती सांगत नाही!

‘आम्हाला काय गिनीपिग समजता का?’ ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं, नवा बॉस आला की हा डायलॉग हमखास ऐकू येतो. खऱ्या गिनीपिगला मात्र असं विचारायची सोयच नाही! बिचारा ना गिनी देशातला, ना डुक्कर. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला, त्या प्रयोगांत हाच होता. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी याच्यावर प्रयोग केले, म्हणून स्कर्व्हीचं गूढ उकलायला लागलं आणि पुढे व्हिटॅमिन सीचा शोध लागला. आपल्याला बरं करण्यासाठी याने एवढं सोसलं. पण याला स्वतःला लघवी करताना दुखायला लागलं तर? मग मात्र भल्याभल्यांची विकेट पडते.

तसा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार पब्लिकसाठी हा आयडियल पेट. भुंकत नाही, सोफा फाडत नाही, घरमालकाला पत्ता लागत नाही. फ्रिज उघडला की ‘व्हीक व्हीक’ करून घर डोक्यावर घेतो, तेवढाच काय तो दंगा. पण या छोट्या पॅकेजमध्ये एक नाजूक पार्ट आहे, मूत्राशय. विकत घेताना दुकानदार हे सांगत नाही. म्हणून आजचा कॉलम त्यावर. नाक मुरडू नका, कामाची गोष्ट आहे!

माझ्याकडे दोघीजणी आहेत, बुंदी आणि शेव. उन्हाळ्यात आम्ही तिघी पुण्याहून माझ्या गावी, अंजनगाव सुर्जीला जातो. इतिहासाच्या पुस्तकात शिंदे आणि इंग्रजांचा १८०३ चा तह वाचला असेल ना? तेच हे गाव. पण आमच्याकडे तहापेक्षा विड्याची पानं आणि पानपिंपळी जास्त फेमस! तर गेल्या मे महिन्यात बुंदीचं दुखणं सगळ्यात आधी ओळखलं ते आजीने. ती म्हणाली, ‘अवं, हे मुतताना रडते वं. पाय ना, पाठ कशी वर काढते!’

आजीचं निदान परफेक्ट होतं. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो आजारी दिसतो त्याच्यावर पहिली झडप पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो लंगडणार नाही, कण्हणार नाही, कोपऱ्यात गप्प बसेल. मूत्राशयाची कळ मात्र लपत नाही. लघवी किंवा लेंडी टाकताना बारीक, लांबलेली किंकाळी येते. पाठ कमानीसारखी होते. थेंब थेंब लघवी, मागचा भाग सतत ओला, कधी रक्ताचा डाग. खाणं कमी होतं आणि वजन उतरतं. बुंदीचं वजन ९४० ग्रॅमवरून नऊ दिवसांत ८६५ वर आलं होतं. आपल्याला ७५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही. तिच्यासाठी ते साठ किलोच्या माणसाने जवळपास पाच किलो गमावण्यासारखं.

हे होतं कसं? आपलं शरीर अन्नातून लागेल तेवढंच कॅल्शियम उचलायचा प्रयत्न करतं. गिनीपिगचं तसं नाही. त्याच्या आतड्यातून भरपूर कॅल्शियम रक्तात जातं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून त्याची लघवी मुळातच थोडी गढूळ, पांढुरकी असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वाळलेला डाग बोटाने चोळल्यावर वाळूसारखा खरखरीत लागला तर सावध व्हा. आत गाळ साचतोय किंवा खडा तयार होतोय. आपला मुतखडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा, त्याचा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणजे खडूच! हा खडा एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसतो, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. कधी कधी खडा नाही, जंतूही नाहीत, तरी मूत्राशयाला सूज आणि कळा असतात. तोही खराच आजार. ‘रिपोर्ट क्लिअर आहे’ म्हणजे ‘दुखत नाही’ असं नव्हे.

आता गावातला सीन ऐका. वऱ्हाडात मुतखडा कुणाला नवा? ४५ डिग्रीचा उन्हाळा, घामाने आटलेलं शरीर, त्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. त्यामुळे प्रत्येक घरात एक मुतखडा स्पेशालिस्ट असतोच. दुपारपर्यंत आमच्या ओसरीवर तीन प्रिस्क्रिप्शन जमा झाली.

पहिलं, कुळथाचं पाणी. माणसांना पिऊ द्या, पण गिनीपिगच्या आहारात डाळी-कडधान्यांना जागा नाही. दुसरं, पानफुटीचं पान. हे तर अजिबात नको! पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती खाऊन गुरंसुद्धा दगावल्याची उदाहरणं आहेत. तिसरं, मेडिकलवाल्याने प्रेमाने पुढे केलेलं अँटिबायोटिक, लहान मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलिन सिरप. मी ते घेतलं नाही. पेनिसिलिनच्या खानदानातली औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. आपल्या पोरांना चालतं ते यांना विष ठरतं. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा.

शेजारच्या काकांनी म्हशीसाठी आणलेला ताजा लसूणघास दिला. हिरवागार, सुगंधी. तोसुद्धा परत केला, कारण त्यात कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. वाढत्या पिल्लाला चालेल, लघवीच्या त्रासाच्या मोठ्या गिनीपिगला नाही. काका थोडे हिरमुसले. म्हणाले, ‘अवं पोरी, येवढ्याशा उंदरासाठी अकोल्याले जातं का कोनी?’

उत्तर बाबांनी दिलं. मागच्याच वर्षी ते स्वतः मुतखड्याने तळमळले होते, अख्खी रात्र जमिनीवर लोळून काढली होती. ते एवढंच म्हणाले, ‘त्याची कळ मले माहीत हाय. तू पेटी घे, मी गाडी काढतो.’

मंडळी, या विषयातलं सगळं तत्त्वज्ञान त्या दोन वाक्यांत आलं. कळ वजनावर नसते. किलोभराच्या जिवाला किलोभरच दुखतं, असं थोडंच आहे?

तालुक्याच्या गावात गिनीपिग पाहिलेला डॉक्टर मिळणं कठीण. तिथला पशुवैद्यक गायी-म्हशी, शेळ्यांचा. त्याचा दोष नाही, त्याचं पोटच त्या कामावर आहे. अशा वेळी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा आधार वाटतो. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत परळला १८८६ पासूनचं. निघण्याआधी फोन करून ‘गिनीपिग बघता का, एक्स-रे होईल का’ हे दोन प्रश्न विचारून घ्या. आम्ही ओळखीतून सापडलेल्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. पहाटे पाचला निघालो, कारण तिशीच्या पुढचं तापमान गिनीपिगला झेपत नाही. पेटीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली, ओली काकडी आणि सोबतीला शेव. मैत्रीण जवळ असली की हे प्राणी कमी घाबरतात.

एक्स-रेमध्ये एक असा खडा नव्हता, बारीक वाळूचा थर होता. डॉक्टरांनी भूल देऊन मूत्राशय धुतलं. इथे एक पॉइंट नीट ऐका. कुत्र्या-मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात. गिनीपिगला उलटी होतच नाही आणि त्याचं आतडं थांबलं की जीव धोक्यात येतो, म्हणून त्याला तसं उपाशी ठेवत नाहीत. घरीही त्याने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी समजायची. मोठा खडा असेल तर ऑपरेशन लागतं. मादीचा छोटा खडा कधी आपोआप निघतो, नराची नळी लांब आणि अरुंद, त्यामुळे तो अडकण्याची भीती जास्त. नर जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. तासांचा खेळ असतो. आणि मादीला रक्त जात असेल तर गर्भाशयही तपासून घ्यावं, ते नेहमी मूत्राशयातलंच असतं असं नाही.

कळ थांबवायला बुंदीला मेलॉक्सिकॅम मिळालं. हे औषध आपल्याकडे खेडोपाडी मिळतं, त्यामागे एक स्टोरी आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम पुढे आलं. पण म्हशीच्या बाटलीतला एक थेंब आणि बुंदीचा एक थेंब यांत जमीन-अस्मानाचा फरक! किलोभराच्या जिवाचा डोस डॉक्टरनेच काढून द्यायचा.

पण खरी परीक्षा पुढे असते. कारण हा त्रास परत येतो. बुंदीचा दिवाळीत आला. या वेळी एक्स-रे स्वच्छ, तरी किंकाळी होतीच. डॉक्टर म्हणाले, ‘पूर्ण बरी होईल असं मी म्हणणार नाही. चांगले दिवस वाढवू या.’ तेव्हापासून आमचा फंडा ठरलेला आहे.

पाणी. जास्त लघवी म्हणजे पातळ लघवी, म्हणजे गाळ कमी. बाटलीसोबत वाटीतही पाणी ठेवायचं आणि भाजी धुऊन ओलीच द्यायची. गावी गेलो की खाऱ्या बोअरचं पाणी नाही, आपण पितो तेच. उन्हाळ्यात दोघींचा मुक्काम कूलरच्या खोलीत, पण थेट झोताच्या बाजूला.

गवत. आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवतच हवं. परदेशी टिमथी गवताचं पाकीट महाग पडतं? आपल्या गणपतीच्या दूर्वा आहेत ना! जगात ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ते हेच. फवारणी नसलेल्या जागचं घ्यायचं, धुऊन द्यायचं. तुरी-हरभऱ्याचं कुटार नको, ती कडधान्याची जात. पाकिटातल्या गोळ्यांवर ‘अल्फाल्फा’ लिहिलंय का बघा. अल्फाल्फा म्हणजे लसूणघासच.

भाजी. पालक, शेवग्याचा पाला, कढीपत्ता बंद. काकडी, ढोबळी मिरची चालू. ढोबळी मिरची तर हवीच, कारण आपल्यासारखंच गिनीपिगलाही शरीरात व्हिटॅमिन सी बनवता येत नाही. सीचे थेंब पाण्याच्या बाटलीत घालू नका, तिथे त्यांची ताकद उतरते.

हालचाल. पिंजऱ्यात बसून राहिलं की गाळ तळाशी बसतो. रोज तासभर तरी हॉलमध्ये फिरू द्या.

आणि वही. दहा रुपयांची साधी वही! रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन, किती खाल्लं, किती वेळा ओरडली, आनंदात उड्या मारल्या की नाही. दोघी असतील तर कुणाची लघवी कशी ते कळायला पांढऱ्या कापडावर थोडा वेळ वेगळं ठेवायचं. प्राणी बोलत नाही, वही बोलते. डॉक्टरकडे ‘जरा बरं नाही वाटत’ सांगण्यापेक्षा ‘चार दिवसांत ३० ग्रॅम घटली’ सांगितलं की निम्मं काम होतं.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. तो लिहायला जड जातं, पण टाळता येत नाही. एक दिवस असा येऊ शकतो की औषध देऊनही कळ थांबत नाही आणि वाईट दिवस चांगल्या दिवसांच्या पुढे निघून जातात. तेव्हा दयामरणाचा प्रश्न समोर येतो. रडताना, रात्री अकराला, एकटीने तो निर्णय घ्यायचा नसतो. मी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. सलग किती वाईट दिवस म्हणजे पुरे, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. बाबांनी ते वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. प्रेम म्हणजे दरवेळी अजून एक इंजेक्शन नव्हे. कधी कधी थांबणंही त्यातच येतं.

सध्या ते पान लागलेलं नाही. या महिन्यात वहीत सव्वीस दिवस चांगले आहेत आणि चार वाईट. वजन ९१०. काल ढोबळी मिरचीवरून शेवशी भांडण झालं, म्हणजे तब्येत फर्स्ट क्लास!

तेव्हा दोस्तांनो, तुमच्याकडेही असा एखादा ‘व्हीक व्हीक’ असेल तर आज घरी गेल्यावर टीव्ही लावण्याआधी दोन कामं करा. काट्यावर त्याचं वजन घ्या आणि तो लघवी करताना जरा कान द्या. तो आपणहून काही सांगणार नाही. विचारायचं आपणच!