परसबाग : तुळशीचे बी का रुजत नाही?

मध्यंतरी एका वस्तीवर गेलो, तर अंगणातले तुळशीवृंदावन रिकामे. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, तीनदा बी टाकलं, उगवलंच नाही. सुनेचा पायगुणच तसा." सून खाली मान घालून उभी होती. मी विचारले, "ताई, बी किती खोल पुरलं?" ती म्हणाली, "दोन पेरं." दोष पायगुणाचा नव्हता, त्या दोन पेरांचा होता.

तुळशीचे बी खसखशीसारखे बारीक. खोल गेले की कोंब वर येण्याआधीच त्याची शिदोरी संपते. म्हणून कुंडीत किंवा गादीवाफ्यावर भुसभुशीत माती घ्या. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून विरळ टाका. वर मातीचा थर नको. चाळलेले शेणखत नुसते भुरभुरावे. पाणी झारीने हलके द्यावे. 8 ते 12 दिवसांत उगवण दिसते. रोपे दाट झाली आणि पाणी साचले, तर ती बुडाशी कुजून कोलमडतात. वेळीच विरळणी करा. सुमारे 6 आठवड्यांनी, पानांच्या 4-5 जोड्या आल्यावर, संध्याकाळी रोप लावावे. पुढे मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे झाड फुटवे धरते. दोन-चार मंजिऱ्या मात्र बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्या.

सूनबाईंनी माझ्यासमोर चौथ्यांदा बी टाकले. अकराव्या दिवशी निरोप आला, "वाफा हिरवा झाला." निरोप सासूबाईंनीच धाडला होता.