पेठेचा अभिमान आणि घाटमाथ्याचे मैदान

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा आली की कोल्हापुरातील पेठांचा नूर पालटतो. गल्लीच्या तोंडाशी ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज फडकतात, त्यांच्या खेळाडूंचे भव्य फलक उभे राहतात. परक्या ध्वजांचे हे प्रेम आमच्यासारख्यांना खटकते. पण तो आजचा विषय नव्हे. त्या दोन बलाढ्य देशांच्या मधोमध वसलेल्या उरुग्वे या चिमुकल्या स्पॅनिशभाषी राष्ट्राकडे कोणाचेच लक्ष जात नाही, याचे आश्चर्य अधिक वाटते.

उरुग्वेची लोकसंख्या सुमारे ३५ लाख; कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांहून अधिक. आपल्या एका जिल्ह्याएवढेही मनुष्यबळ नसलेल्या या देशाने १९३० चा पहिला विश्वचषक स्वभूमीवर जिंकला आणि १९५० मध्ये माराकाना मैदानावर यजमान ब्राझीलला २-१ असे नमवून तो पुन्हा मिळवला. हे दैवयोगाने घडले नाही. तेथील शासनाने १९११ मध्येच शारीरिक शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोग स्थापला, वस्त्यांमध्ये सार्वजनिक क्रीडांगणे उघडली. आजही तेथे सहा-सात वर्षांची मुले वस्तीच्या संघातून खेळतात आणि ते संघ बहुतांशी पालकच सांभाळतात. १९१६ मध्ये ग्रादीन आणि देल्गादो हे कृष्णवर्णीय खेळाडू संघात होते म्हणून पराभूत चिलीने आक्षेप घेतला. उरुग्वेने त्याला भीक घातली नाही. समरसता भाषणांतून येत नाही, ती अशी मैदानावर उतरते.

कोल्हापूरला हे परके वाटू नये. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखणाऱ्या आणि खासबागेचे कुस्ती मैदान उभारणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांची ही नगरी. येथे फुटबॉल तालमीत वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळांची नावेच पाहा! लाल मातीने चेंडू दत्तक घेतला, असा प्रकार देशात क्वचितच आढळेल.

परंतु पेठेचा अभिमान पेठेच्या वेशीवरच थबकला आहे. शाहू स्टेडियमवरील चुरशीच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो आणि हुल्लडबाजीने खेळाला गालबोट लागते, ही तालमीच्या संस्कारांना शोभणारी गोष्ट नाही. गीताभ्यासाच्याही आधी तरुणांना फुटबॉलच्या मैदानावर धाडू पाहणाऱ्या स्वामी विवेकानंदांना बलोपासना अभिप्रेत होती, शेजारच्या गल्लीचे वैर नव्हे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण घडण्यासाठी त्याला पुण्याची क्रीडा प्रबोधिनी गाठावी लागली. हे शल्य तालमींना का बोचू नये?

हा प्रश्न गगनबावड्यातून अधिक टोचतो. जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा हा तालुका. शहरापासून अंतर अवघे ५५ किलोमीटर. पण शहरातील फुटबॉलची हवा येथवर पोहोचत नाही. धनगरवाड्यांवरील पोरे डोंगर चढून-उतरून काटक झालेली. छातीत दम कसा असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांच्याजवळ नाही तो चेंडू, आणि चेंडू कसा खेळावा हे सांगणारा माणूस. पेठेतील मंडळे बाहेरचे खेळाडू आणण्यासाठी जो खर्च करतात, त्याचा अल्पांश एका प्रशिक्षकाला पुरेल. प्रत्येक तालमीने घाटाखालचे वा घाटमाथ्याचे एकेक गाव धरावे. येथे पावसाळ्यात मैदान नावाची वस्तू उरत नाही, हे खरे. परंतु भातकापणी आटोपली की खाचरे मोकळी होतात आणि शहरातील हंगामही त्याच सुमारास उभा राहतो. तेव्हा रविवारच्या पहिल्या बसने एखाद्या तालमीचा जुना खेळाडू येथे उतरला, तर मुले वाट पाहत उभी असतील.