तंजावरमध्ये पहिलीचा प्रवेश: सरकारी शाळा, 25 टक्के राखीव जागा आणि रखडलेले एक वर्ष

थोडक्यात:
• तामिळनाडूत सरकारी प्राथमिक शाळेत प्रवेशासाठी सोडत नाही आणि शुल्कही नाही. 31 जुलैपर्यंत मुलाला 5 वर्षे पूर्ण झाली की पहिलीत प्रवेश मिळतो.
• खासगी शाळेतील 25 टक्के मोफत जागांसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. या जागा बहुतांश एलकेजीच्या वर्गात असतात.
• 2025-26 मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यातील निधीच्या वादामुळे ही ऑनलाइन प्रक्रिया एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली.
• महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी वयाचा नियम आणि जातीचा दाखला या दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

हा लेख कोणासाठी?

तंजावरमध्ये मराठी बोलणारे पालक दोन प्रकारचे आहेत. पहिले, पिढ्यानपिढ्या इथे राहणारे. 1676 ते 1855 या भोसले राजवटीच्या काळात इथे आलेली ही घराणी घरात तंजावरी मराठी बोलतात, पण त्यांचे लिहिणे-वाचणे बहुतेक तमिळमध्येच होते. दुसरे, गेल्या काही दशकांत व्यवसायासाठी आलेले. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक दक्षिणेतल्या अनेक शहरांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. त्यांची मुले इथेच वाढतात, पण गावाकडचे घर, शेत आणि रेशनकार्ड सुटलेले नसते. शाळेचा फॉर्म समोर आला की या दोन पालकांचे प्रश्न वेगवेगळे असतात. म्हणून जिथे नियम वेगळा लागतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

वाट पहिली: सरकारी शाळा

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यानुसार 6 ते 14 वयोगटातील प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तामिळनाडूत पहिलीचे वय त्याहून कमी, म्हणजे 5 वर्षे पूर्ण, असे धरले जाते.

पंचायत युनियनची शाळा असो वा महानगरपालिकेची, पद्धत सारखीच आहे. पालकांनी मुलाला घेऊन मुख्याध्यापकांकडे जायचे, नाव नोंदवायचे. शाळा मुलाची माहिती राज्याच्या ‘एमिस’ या संगणकीय नोंदवहीत भरते आणि मुलाला एक कायमचा क्रमांक मिळतो. अलीकडच्या वर्षांत ही नोंदणी 1 मार्चपासूनच सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावरही प्रवेश मिळतो.

जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि असल्यास आधार कार्ड सोबत न्यावे. त्यातला एखादा कागद नसला तरी परत फिरू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कायद्याचे कलम 14 सांगते. आधार नसल्याने शाळाप्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट केले आहे. मूल महाराष्ट्रातील शाळेतून येत असेल आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला वेळ लागत असेल, तर त्या कारणानेही सरकारी किंवा अनुदानित शाळेतला प्रवेश थांबवता येत नाही. तसे कलम 5 मध्ये नमूद आहे.

मुलाला पुस्तके, गणवेश, दप्तर आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळची न्याहारीही मिळते. मुख्यमंत्री न्याहारी योजना 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईत सुरू झाली. 25 ऑगस्ट 2023 पासून ती राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने अनुदानित शाळांनाही लागू झाली. भट्टीचे काम पहाटे सुरू होणाऱ्या घरासाठी ही सोय लहान नाही.

वाट दुसरी: खासगी शाळेतील 25 टक्के जागा

कायद्याच्या कलम 12 नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायच्या असतात. या मुलांचे शुल्क सरकार शाळेला देते. तामिळनाडूत अशा जागा 80 हजारांहून अधिक आहेत. घरापासून 1 किलोमीटरच्या आतील शाळांना अर्ज करता येतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत निघते. तमिळमध्ये सोडतीला ‘कुलुक्कल’ म्हणतात. शाळेच्या फलकावर हा शब्द दिसला की तारीख नीट पाहून ठेवा.

अर्जात दोन गट दिसतात आणि इथेच अनेक पालक अडखळतात.

‘नलिवडैंद पिरिविनर’ म्हणजे दुर्बल घटक. इथे जात पाहिली जात नाही, उत्पन्न पाहिले जाते. पालकांचे वार्षिक उत्पन्न 2 लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. महाराष्ट्रात हीच मर्यादा 1 लाख रुपये आहे. म्हणजे गावाकडे अपात्र ठरलेले कुटुंब इथे पात्र ठरू शकते.

‘वाय्प्पु मरुक्कप्पट्ट पिरिविनर’ याचा शब्दशः अर्थ संधी नाकारला गेलेला गट. मराठीत आपण याला वंचित घटक म्हणतो. यात अनुसूचित जाती-जमाती आणि राज्याच्या यादीतील मागासवर्ग येतात. अनाथ, दिव्यांग, एचआयव्हीबाधित मुले आणि सफाई कामगारांची मुलेही येतात. इथे मुख्य कागद म्हणजे ‘सादि सान्ड्रिदळ’, अर्थात जातीचा दाखला.

जातीचा दाखला: जुने आणि नवे रहिवासी

तामिळनाडूच्या मागासवर्गीय यादीत ब्राह्मणेतर मराठा, नामदेव मराठ्यांसह, समाविष्ट आहेत. पिढीजात तंजावरी कुटुंबाला हा दाखला इथल्या तहसीलदारांकडून मिळतो.

नव्याने आलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. आरक्षणाचा दर्जा स्थलांतरितासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात मांडले आणि 2018 च्या बीरसिंग निकालात ते कायम ठेवले. त्यामुळे महाराष्ट्रातील दाखला, मग तो अनुसूचित जातीचा असो, इतर मागासवर्गाचा असो वा 2024 च्या कायद्याखालचा मराठा समाजाचा असो, इथल्या राखीव गटासाठी चालेल असे गृहीत धरू नये. अशा पालकांसाठी उत्पन्नाचा दाखला हाच सरळ मार्ग आहे. त्यासाठी ई-सेवै केंद्रात अर्ज करायचा. ग्राम प्रशासन अधिकारी आणि महसूल निरीक्षक चौकशी करतात आणि तहसीलदार मंजुरी देतात. पगारपत्रक नसलेल्या व्यावसायिकाची चौकशी थोडी लांबू शकते. म्हणून हा अर्ज प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच करावा.

वयाचे गणित: इथे बहुतेकांची संधी हुकते

25 टक्क्यांचा नियम शाळेच्या ‘पहिल्या’ वर्गाला लागू होतो. शाळा एलकेजीपासून सुरू होत असेल तर राखीव जागाही एलकेजीतच असतात. त्या वर्गासाठी 31 जुलैला 3 वर्षे पूर्ण असावी लागतात. बहुतेक खासगी नर्सरी आणि मॅट्रिक शाळा एलकेजीपासूनच भरतात. त्यामुळे मूल 5 वर्षांचे झाल्यावर चौकशी करणाऱ्या पालकाला परिसरात पहिलीची राखीव जागा क्वचितच सापडते. मूल 3 वर्षांचे होते त्याच वर्षी अर्ज करायला हवा.

महाराष्ट्रात पहिलीसाठी 6 वर्षे पूर्ण लागतात. त्यामुळे तिकडे मोठ्या शिशुवर्गात बसलेले 5 वर्षांचे मूल इथे थेट पहिलीत बसते. पुढे कुटुंब परत गेले तर हेच मूल तिकडच्या वर्गमित्रांपेक्षा एक वर्ष लहान असेल. दोन-तीन वर्षांत परतायचा विचार असेल तर हा फरक आताच लक्षात घ्या आणि मुलाचा एमिस क्रमांक व निकालपत्रे जपून ठेवा.

2025 मध्ये काय घडले?

दरवर्षी 25 टक्के जागांचे अर्ज एप्रिलच्या अखेरीस सुरू होतात. 2024 मध्ये मुदत 22 एप्रिल ते 20 मे अशी होती. 2025 मध्ये मात्र एप्रिल गेला, मे गेला, शाळा उघडल्या, तरी अर्जाचे संकेतस्थळ उघडले नाही.

याचे मूळ समग्र शिक्षा योजनेच्या निधीत होते. या योजनेत केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के वाटा उचलते. पीएम श्री शाळांच्या करारावर सही केल्यास राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि त्यातील त्रिभाषा सूत्र स्वीकारल्यासारखे होईल, असे म्हणत तामिळनाडूने सही केली नाही. केंद्राने 2024-25 चा 2,151 कोटी रुपयांहून अधिक निधी रोखून धरला. मे 2025 मध्ये राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. राखीव जागांचे शुल्कही याच निधीतून भागवले जात असल्याने प्रवेशप्रक्रिया थांबली.

जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल दिला. शिक्षण हक्क कायद्याखालील रक्कम राष्ट्रीय धोरणाशी जोडण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर केंद्राकडून पैसे आले नाहीत हे कारण सांगून राज्यालाही आपली जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले. केंद्राने शिक्षण हक्काचा हिस्सा मोकळा केल्यावर ऑक्टोबर 2025 च्या सुरुवातीला प्रक्रिया सुरू झाली. तोपर्यंत शैक्षणिक वर्ष निम्म्यावर आले होते. शाळेत आधीच दाखल झालेल्या मुलांमधून पात्र मुले निवडायची आणि घेतलेले शुल्क पालकांना परत करायचे, असा मार्ग काढावा लागला.

या मार्गाचा लाभ ज्यांनी जूनमध्ये पदरचे शुल्क भरून मुलाला खासगी शाळेत बसवले होते, त्यांना झाला. ज्यांच्याकडे भरायला पैसेच नव्हते त्यांनी तोवर मुलाला दुसरीकडे घातले होते किंवा घरी ठेवले होते. योजना ज्यांच्यासाठी आहे तेच सर्वांत मागे राहिले. दोन सरकारांच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा राजकीय मताचा प्रश्न आहे. पण मुलाचे तिसरे किंवा पाचवे वर्ष निकालाची वाट पाहत थांबत नाही, यावर दुमत नसावे.

महाराष्ट्रानेही असा गोंधळ अनुभवला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना 25 टक्क्यांतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला. तोवर तिथेही पालक ताटकळले होते. दोन्ही राज्यांचा अनुभव एकच सांगतो: 25 टक्क्यांची जागा हा हक्क आहे, पण ती वेळेवर मिळेलच यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

निवड करताना आणखी चार गोष्टी

एक, मोफत जागा आठवीपर्यंतच आहे. नववीपासून खासगी शाळेचे पूर्ण शुल्क सुरू होते. बस, गणवेश आणि इतर खर्चाबद्दल प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या.

दोन, अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा नियम लागू नाही. शहरातील एखादी नावाजलेली कॉन्व्हेंट शाळा यादीत दिसली नाही, तर हे कारण असू शकते.

तीन, सरकारी शाळेचा फायदा पुढेही मिळतो. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के आरक्षण आहे. मुलींना ‘पुदुमै पेण’ आणि मुलांना ‘तमिळ पुदल्वन’ योजनेतून उच्च शिक्षणात दरमहा 1,000 रुपये मिळतात. पहिलीची शाळा निवडताना बारावीपर्यंतचा हा हिशेबही मांडा.

चार, भाषा. तंजावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत प्रत्यक्ष निवड तमिळ किंवा इंग्रजी माध्यमाची असते. 2006 च्या कायद्याने तमिळ हा विषय सर्वांना सक्तीचा आहे. मातृभाषा वेगळी असल्यास ती चौथा, ऐच्छिक विषय म्हणून घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण शिक्षक आणि विद्यार्थी नसतील तर ही तरतूद कागदावरच राहते. सरफोजी दुसरे यांच्या काळात याच शहरात इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ नावाने छापला गेला होता. आज इथल्या मुलाला देवनागरी घरीच शिकवावी लागते. तमिळ मात्र पहिल्या दिवसापासून मनापासून शिकू द्या, कारण शाळा, परीक्षा आणि वरील सवलती सगळ्यांची वाट तिथूनच जाते.

मग पालकांनी काय करावे?

मूल 3 वर्षांचे होत असेल तर मार्चपर्यंत जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला तयार ठेवा. एप्रिलमध्ये शालेय शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तारखा पाहा. अर्ज भरण्यासाठी पैसे लागत नाहीत.

मूल 5 वर्षांचे होत असेल तर आधी जवळच्या सरकारी शाळेत नाव घाला. राखीव जागेचा अर्ज त्यानंतरही करता येतो. सोडतीत नाव लागले तर शाळा बदलता येईल, पण नाव लागेपर्यंत मूल घरी बसता कामा नये.

प्रवेश नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. शालेय शिक्षण विभागाची मदतवाहिनी 14417 ही आहे. फोनवर तमिळ बोलायला अडचण असेल तर मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेचे नाव आणि नकाराची तारीख एका कागदावर लिहून ठेवा. या चार गोष्टी नीट सांगता आल्या की तक्रार नोंदवायला मोडकी तमिळही पुरते.