माळ्यावरचा कोयता : पाजवावा की मोडीत घालावा?

खंडेनवमी आली की माळ्यावरची, पडवीतली हत्यारे खाली उतरतात. कोयते, विळे, कुऱ्हाड, घरातली विळीसुद्धा. पूजा होते न होते तोच भातकापणी दारात उभी. आपल्या पनवेलच्या बाजूला यातली बरीच हत्यारे वडील-आजोबांच्या हातची असतात. मूठ हलते आहे, धार गेली आहे, गंज चढला आहे. मग ती लोहाराकडे न्यावीत की मोडवाल्याला द्यावीत, हा प्रश्न दरसाल पडतो.

शेतकरी बंधूंनो, गंजाला भिऊ नका, तड्याला भ्या. मूठ काढून पाते सुतळीला टांगा आणि टिचकी मारा. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर पाते घासून डिझेलने माखा, कोरडे पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर थोड्या वेळाने तेल पाझरून काळी रेघ उमटते. धारेशी बारीक तडा असेल तर तो घासून जाईल. मुठीजवळ किंवा पोटात असेल तर ते हत्यार मोडीतच घाला. ऐनाचे टहाळ तोडताना पाते तुटून उडाले तर ते आपल्याच नडगीत बसते.

दुसरी परीक्षा कानशीची. धारेवर नवी कानस ओढा. ती घसरली तर पोलाद शाबूत आहे, निसण्यावर धार लावली की काम झाले. कानस मऊ लोखंडासारखी चावली तर दोन शक्यता. जुन्या कोयत्याचे अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरते पोलाद जडवलेले असे. ते वर्षानुवर्षे घासून संपले असेल. तसे असेल तर नुसते पाजवून पैसे फुकट जातात. नवे पोलाद जडवणारा कारागीर असेल तरच खटाटोप करावा, नाहीतर ट्रकच्या कमानपाट्याचा नवा कोयता घडवून घेतलेला बरा.

पोलाद आहे पण पाणी उतरले आहे, ही दुसरी शक्यता. असे हत्यार लोहार पुन्हा तापवून पाणी देतो. पाते लालबुंद होऊन त्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले की विझवण्याची वेळ आली असे समजावे. कमानपाट्याचे पोलाद पाण्यात तडकण्याची भीती असते, तेल बरे. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा मंद शेकावे लागते. घाईचा लोहार नेमके हेच टाळतो!

रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर धार लावताना उभे राहून पाहा. धार निळी पडली की तेथले पाणी उतरले. दर दोन घासण्यांनी पाते पाण्यात बुडवायला सांगा. ठिणग्यांच्या रोषणाईवर जाऊ नका.

दात्यांचा वैभव विळा मात्र निसण्यावर घालू नये, दाते जातात. दाते बोथट झाले की नवा घ्यावा. भात जमिनीलगत कापले तर धसकटातल्या खोडकिड्याच्या अळ्या राहत नाहीत. बोथट विळ्याने माणूस उंचावर कापतो आणि कीड पुढल्या सालासाठी शेतातच ठेवतो.

भगिनींनी विळीचा गंज चिंचेच्या कोळाने काढावा. घासून लगेच धुवा, कोरडी करा, गोडे तेल लावा. रात्रभर कोळात ठेवाल तर पाते खाल्ले जाईल. गाडीचे जळके तेल कोयत्याला चालते, विळीला नाही.

1970 नंतर नवी मुंबईसाठी ज्यांची शेते गेली, त्यांच्याही घरी आजोबांचा कोयता आणि कमरेची लाकडी आकडी असते. तो कोयता आता कापायचा नाही. त्याला भट्टीत घालू नका, चाकावरही धरू नका; मूळ घडण जाते. सैल गंज घासून काढा, तेलाचा हात फिरवा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला आकडीसकट टांगून ठेवा.