डोकं खाली, हेड वर

रात्री अकरानंतर हॉस्टेलवर अभ्यास सोडून सगळं चालतं. मध्यंतरी आमच्या विंगला कॅम्पर व्हॅनच्या व्हिडिओंचं वेड लागलं होतं. कुणीतरी गोरा माणूस व्हॅनच्या मागच्या दाराला नळी जोडतो, खटका दाबून बारा व्होल्टचा पंप सुरू करतो आणि डोंगराकडे बघत निवांत शॉवर घेतो. आपल्या सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तरी रूममेट म्हणाला, "आपल्याकडं असली गाडी कुणाकडं असतीय राव?"

आहे की! दर ज्येष्ठात ती आपल्या जिल्ह्यातून जाते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तीनाथांची पालखी राहुरी, नगर (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच), मिरजगाव, कर्जत करत पंढरपूरला जाते. मागे दिंड्यांचे ट्रक. आमच्या गावच्या दिंडीचा ट्रक चुलत्यांचा. त्यात गाद्या, भांडी, शिधा आणि हजार लिटरची काळी टाकी. माणसं साठ, त्यात बायका पंचवीस. फरक एवढाच, की व्हॅनवाला हौसेने उघड्यावर आंघोळ करतो आणि आमच्या बायकांना ती करावी लागते. पुरुष शेतातल्या मोटरीवर उघड्याने उरकतात. बायका पहाटे तीनला उठतात, ट्रकच्या आडाला दोघी साडी धरतात आणि तिसरी अंगावर तांब्या ओतते. हे मी लहानपणापासून बघत आलो आणि तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत मला यात काही खटकलं नाही, हे इथे कबूल करतो.

मग अर्थातच इंजिनियर जागा झाला. शेतकऱ्यांच्या बॅटरीवरच्या फवारणी पंपात असते ना, तीच मोटर कॅम्पर व्हॅनच्या शॉवरची सख्खी बहीण : बारा व्होल्ट, नळ बंद केला की आपोआप बंद. नवीकोरी मोटर आणली (वापरलेली घेऊ नका, कीटकनाशकाचा अंश राहतो). हॉस्टेलमागे मित्राच्या टेम्पोच्या बॅटरीवर झकास चालली. मुक्कामाला जाऊन थाटात ट्रकच्या बॅटरीला जोडली. ट्रक चोवीस व्होल्टचा! दोन मिनिटं कारंजं, मग धूर. पाचव्या सेमिस्टरला मशिन्स विषयात मला किती मार्क होते ते विचारू नका.

टाकीतून नुसतं उतारावर पाणी येईना का? गणित सोपं आहे. ट्रकचा हौदा चार फूट, टाकी चार फूट, म्हणजे भरलेल्या पाण्याची पातळी आठ फुटांवर. शॉवर साडेसहा फुटांवर टांगला तर हेड मिळतं दीड फूट, म्हणजे दाब जेमतेम 0.045 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. टाकी अर्धी होण्याआधीच धार बंद. मी हे चुलत्यांना समजावत होतो, तोवर दिंडीतल्या आजींनी नळी हातात घेतली आणि दगडावर बसून ती डोक्यावर धरली. पाणी धो धो. "बाळा, उभ्यानं कोन आंघोळ करतंय? आन् पानी हाय रं, आडोसा न्हाई."

आमच्या फ्लुइडच्या तासाला हेड हा शब्द इतक्या वेळा ऐकला, पण डोकं खाली केलं की हेड वाढतं हे आजींनी शिकवलं.

म्हणून माझं मत असं : दिंडीच्या प्रत्येक ट्रकला बाहेरचा शॉवर हवा, पण मोटर, बॅटरी, कन्व्हर्टर हे सगळं नको. अर्धा इंची नळी, टोकाला टेलिफोन शॉवर आणि हाताशी बंद करता येणारा बॉल व्हॉल्व्ह. आम्ही बादली आणि मोबाइल घेऊन मोजलं : टाकी भरलेली असताना मिनिटाला साधारण पाच लिटर, खाली गेल्यावर तीन. साबण लावताना व्हॉल्व्ह बंद ठेवला तर एका आंघोळीला दहा लिटरच्या आत भागतं. पंचवीस जणींना अडीचशे लिटर.

डोकं चालवायचं ते दुसरीकडे. त्याच टाकीतलं पाणी प्यायला जातं, तेव्हा शॉवरचं टँक निपल तळाला न बसवता पाव उंचीवर बसवा. कुणी व्हॉल्व्ह उघडा विसरलं तरी खालचे अडीचशे लिटर राहतात. नळी दहा मीटर लांब घ्या. आम्ही पहिल्या दिवशी चाकाशेजारीच आंघोळी केल्या, काळ्या रानात मागचं चाक रुतलं आणि ट्रॅक्टरने ओढावं लागलं. चुलते अजून बोलतात त्यावरून.

पण खरा खर्च आडोशाचा. पाइपाची चौकट, जाड ताडपत्री, आतून कडी, कपडे अडकवायला हूक, पायाखाली लाकडी फळ्या. ताडपत्री गडद हवी, आत बॅटरी लावली की पातळ कापडातून सावली दिसते. हे मला आईने सांगितलं, कुठल्या पुस्तकात नव्हतं.

एक सर म्हणाले, "यात प्रोजेक्ट काय आहे? सर्किट कुठंय?" सर, राग मानू नका, पण दुकानातून तयार आणलेल्या सर्किटला आपण शंभरपैकी नव्वद देतो. इथे हेड आहे, प्रवाह आहे, साठा आहे, निचरा आहे आणि तपासायला पंचवीस परीक्षक आहेत.

पुढच्या ज्येष्ठात दोन खोल्या न्यायच्यात. मेसच्या मागे जुने जीआय पाइप गंजत पडलेत. रेक्टर सर हे पान वाचत असतील तर अर्ज आजच टेबलावर ठेवलाय.