वेगाची भुरळ आणि बुडता माणूस

हेलिकॉप्टराप्रमाणे जागच्या जागी उभे उठावे, अधांतरी स्थिरावावे, आणि मग पंखांच्या टोकांवरील रोटर पुढे कलवून विमानाच्या गतीने मार्गस्थ व्हावे, असा दुहेरी गुण ज्याच्या ठायी एकवटला आहे त्या टिल्टरोटर विमानाची तटरक्षक दलांना भुरळ पडावी यात नवल नाही. कारण ताशी ४५० किलोमीटरांच्या आसपास जाणारे ऑस्प्रे हे अमेरिकी लष्करी टिल्टरोटर दूरच्या समुद्रात हेलिकॉप्टराच्या जवळजवळ निम्म्या वेळात पोहोचते.

परंतु पोहोचणे म्हणजे वाचविणे नव्हे. बचावाचे खरे काम यान थांबते तेथे सुरू होते. खवळलेल्या लाटांवर अधांतरी राहून विंचच्या दोराने माणूस वर घ्यावयाचा असतो, आणि नेमक्या याच प्रसंगी टिल्टरोटरचे न्यून उघडे पडते. ऑस्प्रेच्या दोन्ही रोटरांचे मिळून वर्तुळक्षेत्र अमेरिकी तटरक्षक दलाच्या जेहॉक हेलिकॉप्टराच्या एका रोटराएवढेच भरते, वजन मात्र पूर्ण भारासह दुपटीहून अधिक. तेव्हा तेवढ्याच क्षेत्रातून तो सारा भार तोलण्यासाठी हवा फार मोठ्या वेगाने खाली लोटावी लागते, आणि तो झोत पाण्यातील थकल्याभागल्या माणसाच्या तोंडावर तुषारांचा मारा करतो, हलका तराफा उलथवू शकतो. जाहिरातीच्या पुस्तिकांत या झोताचे चित्र छापण्याची चाल नाही.

अमेरिकी तटरक्षक दलाने या वाटेवर एकदा पाऊल टाकले होते. ‘डीपवॉटर’ या महत्त्वाकांक्षी योजनेत ‘ईगल आय’ या वैमानिकविरहित टिल्टरोटरची तजवीज होती. २००६ मध्ये त्याचा नमुना चाचणीत कोसळला आणि पुढे ती तरतूदच गुंडाळली गेली. नागरी उपयोगाचे एडब्ल्यू६०९ हे २००३ मध्ये प्रथम उडाले, पण वीस वर्षे उलटली तरी प्रमाणपत्र हाती आले नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात जपानच्या याकुशिमा बेटापाशी ऑस्प्रे कोसळून आठ जण दगावले, आणि अमेरिकेचा सारा ताफा तीन महिने जमिनीवर राहिला. लष्कराला अशी मुदत कशीबशी सोसते. बुडणाऱ्याला ती कोण देणार? जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर आपली ध्रुव हेलिकॉप्टरे थांबली, तेव्हा एकाच यंत्रावर भिस्त ठेवण्याचा अर्थ आपल्यालाही कळला.

अलास्काच्या बर्फगार पाण्यात थंडीच माणसाचा जीव घेते, म्हणून तेथे वेगाचा आग्रह समजण्याजोगा आहे. अरबी समुद्राचे पाणी उबदार. येथे माणूस दमून बुडतो, किंवा सापडतच नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावरील २६१ जणांपैकी जे वाचले त्यांतले अनेक तासन्‌तास लाटांवर तरंगत होते, आणि त्या भयाण रात्री त्यांना उचलण्याचे काम युद्धनौकांनी केले. त्या वाऱ्यात टिल्टरोटर तरी काय करणार होते?

म्हणून खरेदीची मसलत करणाऱ्यांनी वेगाचे आकडे बाजूला ठेवून एकच खातरजमा करून घ्यावी: पावसाळी रात्री, उसळत्या समुद्रावर, पाण्यातला पुतळा या यानाने विंचने सुखरूप वर घेऊन दाखवावा. ते होईपर्यंत हा पैसा भरवशाची हेलिकॉप्टरे, सुटे भाग आणि किनाऱ्यावरील नवे हवाई तळ यांवर खर्चावा, हेच शहाणपणाचे आहे.