ओसरीवरून : गुडघा आणि सायकल

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. हिवाळ्यात पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा जो खेळ तिकडे आबालवृद्ध खेळतात, त्यात त्याचा गुडघा दुखावला. आता वर्षभराने पुन्हा डोंगरावर जाताना पट्ट्या कोणत्या घ्याव्यात, याविषयी त्याने आम्हांस लांबलचक पत्र लिहिले आहे. ज्या केळापुरात बर्फ काय तो शीतपेटीतच पाहावा, तेथील निवृत्त शिक्षकास हा प्रश्न कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु मामाचा गुडघाही त्याच रीतीने गेला होता, हे त्यास ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही शेतरस्त्याने सायकलवरून येत होतो. आमच्याकडील काळ्या जमिनीचा चिखल कसा असतो, हे वऱ्हाडातील वाचकांस सांगणे नलगे. उतरण्यासाठी एक पाय खाली टेकला, तो घोट्यापर्यंत रुतला. सायकल दुसरीकडे कलंडली आणि तिच्याबरोबर आमचे शरीरही वळले. पाऊल जागच्या जागी अडकलेले आणि वरचा देह फिरलेला, अशा स्थितीत मधल्या गुडघ्याने काय करावे? भाच्याचेही तेच झाले. फरक इतकाच, की त्याचे पाऊल पट्टीत जखडले होते आणि आमचे चिखलात. सुश्रुताने शरीरातील 107 मर्मे सांगताना जानु हे संधिमर्म गणले असून तेथील आघाताने लंगडेपणा येतो असे म्हटले आहे. विद्यार्थ्यांस हे आम्ही कितीदा सांगितले असेल. पण त्याचा अर्थ त्या दिवशी बांधावर बसल्यावर उमगला.

सांध्यातील अर्धचंद्राकृती गादी फाटल्याचे निदान झाले. आठ महिने सायकल पडवीत उभी राहिली. मांडीच्या पुढील स्नायूंस बळ आणण्याचे व्यायाम आम्ही शाळकरी पोराच्या निष्ठेने केले. घरात मात्र एकमत झाले, की आता सायकल पुरे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ऑटोने जात जा." सौभाग्यवतींनी तर सायकल भंगारवाल्यास दाखवूनही ठेवली होती.

त्यांचे प्रेम आम्हांस कळते. परंतु पांढरकवड्यास आमचे एक वडीलधारे सहाध्यापक अंथरुणास खिळून आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे. दररोज सायंकाळी त्यांस रघुवंश वाचून दाखविण्याचा आमचा नेम होता, आणि तो आठव्या सर्गात, अजविलापाच्या मध्यावर तुटला. ऑटो मिळेल तेव्हा जावे नि शेवटचा चुकेल या धास्तीने श्लोक अर्धवट टाकून उठावे, असे वाचन आम्हांस करावयाचे नव्हते.

वैद्यांनी अनुज्ञा दिली ती दोन अटींवर. पायंडल पूर्ण फिरवावयाचे तर गुडघा सुमारे 110 अंश वाकावा लागतो. तितका तो विनाक्लेश वाकेपर्यंत रस्त्यावर जाऊ नये, ही पहिली. चढावर उभे राहून जोर करू नये, ही दुसरी.

जुनी सायकल घेऊन आम्ही दुरुस्तीच्या दुकानी गेलो. दुकानदार आमचाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, परंतु दात्यांचे गणित त्यानेच आम्हांस शिकविले. चाकाचा व्यास 28 इंच, म्हणून परिघ 88 इंच. पुढील चक्राचे दाते 44 नि मागील 18. तेव्हा पायंडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 18 फूट पळे. मागे 22 दात्यांचे चक्र बसविले, की ती 14 फूट 8 इंचच जाते, पण पायास तितकाच जोर कमी लागतो. फेरे अधिक, भार हलका. दुखऱ्या सांध्यास हेच मानवते. गती घटते खरी, परंतु निवृत्त मनुष्यास कोठली घंटा गाठावयाची आहे?

बैठकीविषयी आम्ही जन्मभर चूक करीत आलो, हेही तेथे कळले. दोन्ही पाय भुईस टेकावेत म्हणून आम्ही ती खाली ठेवीत असू. त्यायोगे गुडघा सदैव अधिक वाकलेला राहतो आणि वाटीवरील दाब वाढतो. टाच पायंडलावर ठेवून ते तळाशी नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी बैठक उंच हवी. मग पाऊल नेहमीप्रमाणे ठेवताच गुडघ्यास किंचित बाक राहतो.

राहिली दांडी. मागून पाय उंच फेकून चढताना सारा भार नि सारा पीळ एका गुडघ्यावर येतो. आमचा शिष्य म्हणाला, "गुरुजी, काहून गुडघ्याचा जीव घेता? बिनदांडीची घ्या ना." बिनदांडीची म्हणजे, उघडच, मुलींची! चाळीस वर्षांच्या मास्तरकीचा अभिमान आडवा आला, आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी परतलो. चार दिवस आम्ही कोणाशी धड बोललो नाही. अखेरीस नातीनेच सोडविले. तिची जुनी बिनदांडीची सायकल ओसरीशी आणून ती म्हणाली, "आजोबा, ही वापरा, मला लहान होते." तिलाच मागचे 22 दात्यांचे चक्र बसविले आणि बैठक उंच केली. भंगारवाल्यास काय दिले ते सौभाग्यवतींस विचारावे.

भाच्यास आम्ही उत्तर धाडले ते याच धोरणाने. पूर्वीच्या लांब नि ताठ पट्ट्यांचा मोह सोडावा. आखूड, लवचीक, थोड्या जोराने वळणाऱ्या घ्याव्यात. पडताना बूट सोडविणारी जी कळ असते, ती वजन, उंची, वय व कौशल्य पाहून जाणत्या कारागिराकडूनच नव्याने लावून घ्यावी. मागच्या वर्षीचा आकडा सांगू नये. आणि त्या कळीवर फार विसंबूही नये. तिच्यामुळे नडगीचे हाड मोडणे पुष्कळ कमी झाले, गुडघ्याच्या बंधांस तितके अभय तिने दिलेले नाही. पहिले काही दिवस सोपा उतार, नि थकवा वाटण्यापूर्वीच घरी. तो ऐकेल की नाही, देव जाणे. त्याच्या आईनेही लहानपणी आमचे कधी ऐकले नाही.

आम्ही स्वतः पहिले पंधरा दिवस जगदंबेच्या देवळापर्यंतच जाऊन परतत होतो. सोळाव्या दिवशी पांढरकवड्यास गेलो. महामार्गावरील मालमोटारींची भीती वाटली, गुडघ्याची नाही. स्नेह्यांच्या सुनेने दार उघडले. आतून त्यांनी विचारले, "घंटीचा आवाज निराळा कसा?" सायकल नातीची आहे, असे आम्ही सांगितले. ते हसले, नि उशीखालून पुस्तक काढून त्यांनी पुढे केले. आठव्या सर्गात घातलेली आमची खूण तशीच होती.